सेवा मुलींची, यंत्रं मुलांची?

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या महिला मंडळांच्या, बचत गटांच्या व कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्यापैकी प्रत्येकीला हमखास एक प्रश्न ऐकावा लागतो. बचत गटाच्या बैठकीत, एसटी स्टँडवर, कुणाच्या हळदी-कुंकवाला गेलं तरीसुद्धा. "ताई, पोरीला आता कशाला घालू?" आणि खरं सांगायचं तर विचारणाऱ्या आईकडे उत्तर आधीच तयार असतं. पोरगी असेल तर नर्सिंग. नाही जमलं तर शिवणकाम, पार्लर, फार तर कॉम्प्युटरचा क्लास. पोरगा असेल तर आयटीआय, म्हणजे फिटर, वायरमन, फ्रिज-एसी. आई आपल्याला सल्ला विचारत नसते, तिला आपल्याकडून फक्त 'हो' हवं असतं.

आज मला दोन प्रकारच्या प्रशिक्षणांबद्दल बोलायचं आहे. एक, आरोग्यसेवेतलं, जिथं आपण मुलींना डोळे झाकून पाठवतो. दुसरं, शीतकरणाचं, म्हणजे फ्रिज, एसी, बर्फाचा कारखाना, डेअरीतली थंड करणारी यंत्रं यांचं, जिथं आपण मुलींना पाठवतच नाही. माझं म्हणणं असं, की न बघता पाठवणं आणि मुळीच न पाठवणं, दोन्हींत नुकसान पोरीचंच होतं.

आधी आपल्या भोवतालकडं बघू. बारामती-इंदापूर म्हटलं की बाहेरच्यांना ऊस आणि साखर कारखाने आठवतात. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ पासून इथं खेळतंय, पण ते सगळ्यांच्या दारात आलं नाही. बागायत पट्टा वेगळा आणि जिरायत पट्टा वेगळा, हे इथल्या पोरीला स्थळं बघायला लागल्यावर लगेच कळतं. जिरायत भागात घर तगलं ते बऱ्याच ठिकाणी दुधावर. आणि दूध म्हणजे कुणाचं काम? वैरण बाई आणते, शेण बाई काढते, पहाटे धार बाईच काढते. ते दूध कॅनमध्ये भरून संकलन केंद्रावर जातं आणि तिथून पुढं बाई दिसेनाशी होते.

आता त्या केंद्रावर काय होतं ते नीट पाहा. गाईच्या सडातून दूध निघतं तेव्हा ते तिच्या अंगाइतकं गरम असतं. ते तसंच राहिलं तर काही तासांत नासतं, कारण त्या उबेत जंतू भराभर वाढतात. म्हणून ते लवकरात लवकर ४ अंशांपर्यंत खाली आणायचं असतं. त्यासाठी बल्क कुलर असतो. म्हणजे सगळ्या गावातल्या बायकांची सकाळभराची मेहनत एका कॉम्प्रेसरवर अवलंबून असते. तो बंद पडला तर दूध परत येतं आणि हिशेबातून पैसे कापले जातात ते तिच्याच.

तीच गोष्ट इतर मालाची. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, इंदापूर तालुक्यातली गावं आणि जमिनी पाण्याखाली गेल्या आणि त्याच पाण्यावर पुढं मासेमारी उभी राहिली. भिगवणच्या बाजारात मासळी येते ती बर्फात आणि बाहेर जाते ती बर्फातच. डाळिंब, द्राक्षं लांबच्या बाजारपेठेत पोचवायची तर तोडल्याबरोबर त्यांची उष्णता काढून घ्यावी लागते, मग शीतगृह, मग गार गाडी. थंडावा हा आपल्या दोन्ही तालुक्यांतला एक मोठा धंदा आहे. तो कारखान्याच्या चिमणीसारखा लांबून दिसत नाही, एवढंच.

आता याच नजरेनं आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चला. तिथं लसी ठेवायचा एक खास फ्रिज असतो. वरून उघडणारा, पेटीसारखा. त्याला आयएलआर म्हणतात. वरून उघडणारा अशासाठी, की गार हवा जड असते, झाकण उघडलं तरी ती आतच राहते. घरच्या फ्रिजचं दार उघडलं की ती पायावर येते, हा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे. त्याच्या भिंतीत बर्फाचं अस्तर असतं. दिवसाच्या चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी तो आतलं तापमान सांभाळतो. लोडशेडिंगच्या देशासाठी केलेलं हे यंत्र आहे! लसी २ ते ८ अंशांतच राहिल्या पाहिजेत. पोलिओच्या लसीला उष्णता सोसत नाही, तर हिपॅटायटीस-बीची आणि त्रिगुणी लस गोठली की निकामी होते. म्हणजे जास्त गरम नको आणि जास्त गारही नको. म्हणून सिस्टर दिवसातून दोनदा तापमान बघून वहीत लिहिते. १६ जानेवारी २०२१ ला कोविडचं लसीकरण सुरू झालं तेव्हा या फ्रिजचं महत्त्व सगळ्या देशाला कळलं. आपल्याच जिल्ह्यात, पुण्यात, तयार झालेली लस याच २ ते ८ अंशांत गावोगाव पोचली. डबा खांद्याला लावून वस्तीवर ती नेली सिस्टरनं आणि आशाताईनं.

पण तो फ्रिज बिघडला तर? सिस्टरनं लसी बर्फाच्या पेटीत हलवायच्या, वर कळवायचं आणि मेकॅनिकची वाट बघायची. एका आरोग्य केंद्रातल्या सिस्टर मला म्हणाल्या, "आवाजावरून मला कळतं की आता हा बंद पडणार. पण हात लावायची परवानगी नाही आणि अक्कलही कुणी शिकवली नाही. लस वाया गेली तर उत्तर मात्र मीच द्यायचं."

मैत्रिणींनो, हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. राखण करायची बाईनं, नोंद ठेवायची बाईनं, जबाबदारी बाईची. यंत्र मात्र बाप्याचं. घरात तरी काय वेगळं आहे? मिक्सर, गॅस, पाण्याची मोटर आपण वापरायची आणि दुरुस्तीला 'तो' यायची वाट बघायची. घरातलीच श्रमविभागणी पुढं अभ्यासक्रमाच्या नावानं उभी राहते. सेवा मुलींची, यंत्रं मुलांची. आणि बाजारात यंत्राला भाव असतो, सेवेला कौतुक असतं.

म्हणून नर्सिंग वाईट असं मी म्हणत नाही. उलट त्याचा इतिहास आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि रमाबाई रानड्यांनी विधवा आणि परित्यक्ता बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, जातपात न बघता रोग्याचं करायचं, हे त्या काळात बंडच होतं. आणि आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी काय केलं तेही आठवू या. दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी विणकाम शिकवलं तसं छापखान्याचं कामही शिकवलं. खिळे जुळवणं, यंत्र चालवणं. त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर मुक्तिसदनाच्याच छापखान्यात छापलं गेलं. शंभर वर्षांपूर्वी, इथून जवळ, निराधार मुली यंत्रावर उभ्या होत्या! आपण त्याच्या पुढं जायचं की मागं?

आता आधी आरोग्यसेवेच्या शिक्षणाकडं वळते, कारण तिथं आज पोरींची सर्रास फसवणूक चालू आहे. बारामतीला २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. खासगी दवाखाने, लॅब, डायलिसिस, सोनोग्राफी सगळं वाढलं. त्यामुळं मनुष्यबळ हवं आणि गावोगावी जाहिराती लागल्या: 'सहा महिन्यांत नर्स व्हा', 'शंभर टक्के नोकरी'. माझ्याकडं आलेल्या एका मुलीच्या आईनं डोरलं गहाण टाकून अशा एका ठिकाणी फी भरली होती. पोरीनं सहा महिने पांढरा ड्रेस घातला, एका दवाखान्यात फुकट राबली, सर्टिफिकेट घेतलं. पुढं सरकारी जागेचा अर्ज भरायला गेली तेव्हा कळलं की त्या कागदाला तिथं काहीही किंमत नाही. आज ती एका दवाखान्यात बारा तास उभी असते. सलाईन लावते, इंजेक्शन देते, पण कागदावर तिची नोंद 'मदतनीस' अशी आहे. उद्या काही कमी-जास्त झालं तर डॉक्टर म्हणणार, ही आमची नर्सच नाही. काम नर्सचं, पगार मोलकरणीचा आणि संरक्षण कुणाचंच नाही.

तेव्हा काही गोष्टी आपल्याला पाठ असायला हव्यात. एएनएम हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, जीएनएम तीन वर्षांचा. दोन्हींना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. सहा महिन्यांत 'नर्स' होता येत नाही. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमातून रुग्णसहायक होता येतं. ते काम मानाचंच आहे, पण ते त्याच नावानं सांगितलं पाहिजे. लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर यांतल्या तंत्रज्ञांसाठी २०२१ साली केंद्रानं स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्यानं अशा व्यावसायिकाच्या पदविका-पदवीला किमान २,००० तासांचं शिक्षण आणि तेही दोन ते चार वर्षांत, अशी अट घातली. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी गावातल्या निम्म्या जाहिराती तुम्ही तिथंच फाडाल.

फी भरण्याआधी विचारायचं: मान्यता कुणाची, ती कोणत्या वर्षापर्यंत आहे आणि तिचा कागद दाखवा. परीक्षा कोण घेतं? प्रात्यक्षिक कोणत्या दवाखान्यात, किती तास? पास झाल्यावर कोणत्या कौन्सिलमध्ये नोंद होते? मागच्या वर्षीच्या मुली आज कुठं आहेत, त्यांच्याशी आम्हांला बोलू द्याल का? जिथं या प्रश्नांचा राग येतो, तिथून पोरीला घेऊन बाहेर यायचं.

आता दुसरं प्रशिक्षण. आयटीआयमधला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड दोन वर्षांचा असतो, दहावी पास झाल्यावर. तो प्रत्येक आयटीआयत असेलच असं नाही, म्हणून प्रवेशाच्या वेळी कुठं आहे ते पाहून अर्ज करायचा. शिकवतात काय? विजेची मूलभूत माहिती, तांब्याच्या नळ्या कापणं, वाकवणं, त्यांना जोड देणं, गळती शोधणं, व्हॅक्यूम करून गॅस भरणं, कॉम्प्रेसर तपासणं. घरच्या फ्रिजपासून शीतगृहापर्यंत. यातलं तत्त्व तर आपल्या अंगणातलंच आहे. माठातलं पाणी पाझरतं, उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं. फ्रिजमध्ये पाण्याच्या जागी गॅस असतो. त्याला आत उडू द्यायचं, बाहेर आणून दाबून पुन्हा पातळ करायचं आणि परत आत पाठवायचं, एवढाच फरक. हे पोरीला समजणार नाही असं म्हणणाऱ्यानं माठ कोण भरतं ते आठवावं.

"ताई, ते जड काम आहे." हे मला आयाही सांगतात. काही काम जड आहे, खोटं कशाला बोलू? पण ज्या पोरीनं उन्हाळ्यात दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर आणलाय, वैरणीचा भारा वाहिलाय, तिला जड काम काय ते कुणी सांगायला नको. ते जड होतं तोवर बायकांचं होतं. त्याला पगार लागला की पुरुषाचं झालं! धोका मात्र खरा आहे. बर्फाच्या कारखान्यांत आणि मोठ्या शीतगृहांत अमोनिया वापरतात. तो गळला तर डोळे आणि श्वास दोन्हींवर घाला घालतो. घरगुती यंत्रांतले काही नवे गॅस पेट घेणारे असतात. पण त्यावर उपाय मास्क, हातमोजे आणि नीट शिक्षण हा आहे, मुलींना बाहेर ठेवणं हा नव्हे. अमोनिया फुप्फुस बाईचं की बाप्याचं ते बघत नाही.

आणि हा काळ या धंद्यात शिरायला चांगला आहे. ओझोनला मारक ठरलेले जुने गॅस जगभर बंद होत आले आहेत. आपल्या देशानं आर-२२ सारखे गॅस २०३० पर्यंत संपवायचं ठरवलंय. तापमानवाढ करणारे गॅस कमी करण्याचा किगाली करार भारतानं २०२१ साली मान्य केला. त्याआधी २०१९ च्या राष्ट्रीय कूलिंग आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. म्हणजे जुन्या मिस्त्रीलाही आता नव्यानं शिकावं लागतंय. सगळेच नव्यानं शिकत असतात तेव्हा मागून येणाऱ्याला शिरायला जागा मिळते. आपल्या राज्यात आयटीआयच्या ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. आपल्या मुली अशा ट्रेडला अर्जच करत नाहीत, म्हणून त्या जागा मुलांकडे जातात. मागून, भांडून मिळवलेलं आरक्षण आपण दरवर्षी न वापरता परत करतो.

मी एका मुलीबद्दल सांगते. नाव घेत नाही, कारण तिचं अजून सगळं स्थिरावलेलं नाही. जिरायत भागातली, घरी तीन गाई. तिनं हा ट्रेड घेतला तेव्हा वर्गात ती एकटी. पहिले काही महिने प्रात्यक्षिकाच्या वेळी तिला वही लिहायला बसवायचे, "तुझं अक्षर चांगलं आहे" म्हणून. वर्कशॉपजवळ मुलींचं संडास नव्हतं, म्हणून ती दिवसभर पाणी प्यायची नाही. दोन्ही गोष्टींसाठी आम्ही चार बायका जाऊन बोललो, अर्ज दिला, पुन्हा गेलो. संडासाला कुलूप होतं, त्याची किल्ली तिच्याकडं आली. हातात पाना यायला त्याहून जास्त दिवस लागले.

आज ती दूध थंड करणारी यंत्रं दुरुस्त करते. तिचं एक निरीक्षण ऐकण्यासारखं आहे. ती म्हणते, केंद्रावर गेल्यावर बाप्ये आधी विचारतात, मेकॅनिक कुठाय? आणि घरी फ्रिज बघायला गेली की बायका निवांत दार उघडतात, घरी एकट्या असल्या तरी. ज्या कामात दुसऱ्याच्या घरात शिरावं लागतं, तिथं बाई मेकॅनिक असणं ही ग्राहक बाईचीही गरज आहे. पण आता तिचं लग्न ठरायचंय. बघायला येणारे विचारतात, "हे काम लग्नानंतर सोडणार ना?" नर्स असती तर विचारलं नसतं असं नाही, पण तिथं निदान 'रात्रपाळी नको' एवढ्यावर भागलं असतं. तिची आई डगमगतेय. ती स्वतः अजून ठाम आहे. तिला तसं ठाम राहता यावं यासाठी तिच्या पाठीशी किती घरं उभी आहेत, हा खरा प्रश्न आहे.

कारण अडथळा पोरीच्या डोक्यात नाही, वाटेवर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. दहावीनंतरची दोन वर्षं म्हणजे नेमकं सोळा ते अठरा. तेव्हा दोन वर्षांचा ट्रेड म्हणजे पोरीच्या लग्नाआड उभी केलेली दोन वर्षांची भिंतही असते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं. पण वर्कशॉप सुटल्यावर वाडीवस्तीकडं जाणारी गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय?

रात्रपाळीचं बोलते. १९४८ च्या कारखाने कायद्यानं बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा काम करायला बंदी घातली होती. महाराष्ट्रानं २०१५ साली दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींवर परवानगी दिली. परवानगी मिळाली, पण वाहन, विश्रांतीची जागा, सोबत या अटी कोण तपासतं? ते आपल्याला विचारावं लागेल. छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ आणि अ‍ॅप्रेंटिस मुलींनाही लागू आहे, हे बहुतेक मुलींना माहीतच नसतं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या छोट्या वर्कशॉपमधली मुलगी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करू शकते.

आणखी एक आक्षेप आपल्यातल्याच काही मैत्रिणी घेतात आणि तो मला पटतो. त्या म्हणतात, मुलींना असं तयार करून आपण कंपन्यांना स्वस्त मजूरच पुरवणार ना? कंत्राटदाराकडं नाव, पीएफ नाही, अकरा महिन्यांनी ब्रेक. खरं आहे. प्रशिक्षण म्हणजे मुक्ती नव्हे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व १९७६ साली कायद्यात आलं, तरी शेतातल्या बाईची आणि गड्याची मजुरी आजही आपल्याला माहीत आहे. पण कसब हातात असलेली बाई मालकाला 'जाते' म्हणू शकते. कसब नसलेल्या बाईला मालक 'जा' म्हणतो. आपली संघटना दोघींसाठी हवी. पण पहिलीच्या मागं उभं राहणं आपल्यालाही सोपं जाईल.

तर या वर्षी आपण काय करायचं? निकाल लागायच्या आधी, मार्च-एप्रिलमध्येच, प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या दहावीच्या मुलींच्या आयांची बैठक घ्यायची. आयटीआय आणि नर्सिंग कॉलेज दोन्ही ठिकाणी मुलींना प्रत्यक्ष नेऊन दाखवायचं. वर्कशॉप बघितलेली मुलगी वर्कशॉपला घाबरत नाही. अर्ज भरताना सोबत बसायचं. एका ट्रेडला एकटी मुलगी घालायची नाही. दोघी-तिघी मिळून घालायच्या. फी भरण्याआधीचे ते प्रश्न छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचे. ज्या आस्थापनांत ३० किंवा अधिक कामगार आहेत, त्यांना अ‍ॅप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. आपल्या भागातल्या डेअऱ्यांना, कारखान्यांना लेखी विचारायचं, तुमच्याकडं किती अ‍ॅप्रेंटिस आहेत आणि त्यांत मुली किती? उत्तर 'शून्य' आलं तरी चालेल. ते लेखी आलं की पुढचं बोलणं तिथून सुरू करता येतं. आणि आरोग्य खात्याकडं मागणी करायची की लसीचा फ्रिज सांभाळणाऱ्या सिस्टरला त्याची प्राथमिक दुरुस्ती शिकवा, कामाचे तास आणि मोबदला धरून.

आज इथून जाताना प्रत्येकीनं आपल्या गावातली एक मुलगी मनात धरून जावं. तिचं नाव, तिची शाळा, तिच्या आईचं नाव वहीत लिहावं. जूनमध्ये आपण पुन्हा भेटू तेव्हा त्या वहीतल्या किती मुलींनी कुठं अर्ज भरला, एवढंच मी तुम्हांला विचारणार आहे.